दोन तुळया जोडायच्या कुठे?

दिल्लीतल्या नव्या संसद भवनाचं उद्घाटन २८ मे २०२३ ला झालं, तेव्हा तिथल्या लाकूडकामाचं सागवान नागपूरहून गेल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. त्याच वर्षी अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठीही बल्लारशाहून सागवान रवाना झालं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हा माल लकडगंज या नागपूरच्या लाकूडबाजारातले व्यापारी आजही ‘सीपी टीक’, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान, म्हणून विकतात. म्हणजे लाकडाच्या बाबतीत नागपूरकराने कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही.

आता जरा बेसा, मनीषनगर, दाभा या भागांत फिरून बंगल्यांच्या अंगणातले पर्गोले पाहा. आधी एका गाडीपुरता बांधलेला, मग बसायला म्हणून दहा फुटांनी वाढवलेला पर्गोला लगेच ओळखू येतो. जुनं आणि नवं लाकूड जिथे भेटतं तिथे झोळ आलेला असतो, सांध्यात काळी रेघ उमटलेली असते आणि एखाद्या वेळी खाली विटांचा तात्पुरता टेकू लावलेला असतो. लाकूड उत्तम, सुतारही हातखंडा, तरी असं का होतं? बहुतेक वेळा कारण एकच असतं. घरमालक विचारतो, “मिस्त्री, जोड मजबूत होईल ना?” मिस्त्री म्हणतो, “काही नाही होत जी, खाच मारून दोन बोल्ट टाकून देतो.” जोड कसा मारायचा यावर दोघांचं एकमत होतं. जोड कुठे येणार, हे कुणी विचारतच नाही.

आधी चार शब्द

पर्गोला म्हणजे छप्पर नसलेला पक्का मांडव. उभे खांब, खांबांवर टेकलेल्या जाड आडव्या तुळया आणि तुळयांवर ओळीने मांडलेले वासे, एवढाच त्याचा संसार. वर मधुमालती चढवा नाहीतर उन्हाळ्यात हिरवी शेडनेट ताणा. दोन खांबांमधल्या अंतराला गाळा म्हणू. पर्गोला वाढवणं म्हणजे नवे खांब रोवून आणखी एक गाळा जोडणं. यात खांब नवे, वासे नवे, ते सोपं असतं. अडचण तुळईची, कारण बाजारातलं लाकूड वीस फूट सरळ मिळणं मुश्कील आणि मिळालं तरी जुनी तुळई काढून फेकायला कुणाचा जीव होत नाही.

तुळई नेमकी कुठे दमते?

मुलांच्या कंपासपेटीतली लवचिक पट्टी घ्या, दोन पुस्तकांवर टेकवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टीचा वरचा पृष्ठभाग दबतो, खालचा ताणला जातो. ताण सगळ्यात जास्त मध्यावर असतो आणि पुस्तकांकडे जाताना कमी कमी होत टेकूपाशी जवळजवळ संपतो. तुळईचंही हेच. तिच्यावर वासे सारखे पसरलेले असतात, तेव्हा गाळ्याचा मध्य ही तिची कसोटीची जागा.

आता तीच पट्टी उभ्या धारेवर धरून दाबा. वाकतच नाही. लाकूड तेवढंच, फक्त उंची वाढली. आडव्या लाकडाची ताकद त्याच्या उंचीच्या वर्गाने वाढते आणि ताठपणा घनाने. उंची दुप्पट केली की ताकद चौपट, ताठपणा आठपट. उलटं गणितही तितकंच कठोर आहे. उंची निम्मी केली की ताकद पाव उरते आणि ताठपणा एक अष्टमांश.

आपल्याकडचा लाडका जोड आठवा. दोन्ही तुळयांच्या टोकांना निम्म्या उंचीची खाच पाडायची, एकीची वरून, दुसरीची खालून, आणि एकीवर एक बसवून बोल्ट मारायचे. दिसायला सुरेख. वरवर पाहता अर्धी अधिक अर्धी मिळून पूर्ण झाली असं वाटतं. पण भार एका तुळईतून दुसरीत जाताना त्याला त्या अर्ध्या उंचीच्या गळ्यातूनच जावं लागतं. सहा इंची तुळई तिथे तीन इंची झालेली असते. गाळ्याच्या मध्यावर असा जोड घेतला, तर जिथे पूर्ण ताकद हवी नेमकी तिथेच पाव ताकद ठेवल्यासारखं होतं. बोल्ट कितीही जाड घाला, बारीक झालेलं लाकूड त्याने जाड होत नाही.

गाळ्याची लांबी वाढवतानाही हेच लक्षात असू द्या. पसरलेल्या भाराखाली गाळा दुप्पट केला तर मधला ताण चौपट होतो आणि झोळ सोळापट. “जुना खांब अंगणाच्या मधोमध येतो, तो काढून टाकू, तुळई थोडी लांब करू” ही सूचना ऐकायला निरुपद्रवी वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

खराट्याचं शास्त्र

लाकूड समजून घ्यायला अंगण झाडायचा खराटा पुरतो. खराट्याच्या काड्या लांबीच्या दिशेने ओढल्या तर तुटता तुटत नाहीत, पण जुडीत आडवं बोट घातलं की सहज फाकतात. लाकडाचे तंतू तसेच, उभे एकमेकांना चिकटलेले. लांबीत प्रचंड ताकद, आडव्या दिशेने लगेच चीर.

यातून सांध्याचे बरेच नियम आपोआप निघतात. दोन खराट्यांची बुडं एकमेकांना लावून चिकटवली तर ती टिकतील का? तसंच दोन तुळयांची कापलेली टोकं समोरासमोर आणून गम लावला तर तो जोड फक्त नावाला. तंतूंच्या उघड्या तोंडांना गम धरत नाही, उलट ती तोंडं गम शोषून घेतात. बोल्ट टोकाच्या फार जवळ मारला तर जुडी फाकते. म्हणून ताण येणाऱ्या जोडात टोकापासून पहिल्या बोल्टपर्यंतचं अंतर बोल्टच्या जाडीच्या सात पट ठेवायचं. १२ मिमी बोल्ट असेल तर साधारण ८५ मिमी. दोन बोल्टमध्ये किमान चार पट. एकाच तंतूच्या ओळीत सगळे बोल्ट न घेता वर-खाली आळीपाळीने घ्यायचे. आणि खराटा पाण्यात उभा केला तर पाणी बुडातून वर चढतं, तसं लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून. सांधा म्हणजे दोन कापलेली टोकं समोरासमोर. कुजण्याची सुरुवात तिथूनच व्हायची.

खाचेचा आतला कोपरा हीसुद्धा फाकायची जागा. टेकूजवळ तुळईच्या खालच्या बाजूने खोल खाच पाडली की चीर त्या कोपऱ्यातून निघते आणि तंतूंच्या दिशेने आत पळत जाते. म्हणून तुळईच्या टोकाला खालून खाच पाडायचीच झाली तर उंचीच्या पाव भागापेक्षा खोल नको.

मग जोड कुठे? खांबाच्या डोक्यावर

दोन स्वतंत्र तुळया एकाच खांबावर येऊन टेकल्या की भार पेलायचं काम खांबाचं. सांध्याला उरतं फक्त दोघींना जागेवर धरून ठेवणं. वाकण्याचा ताण तिथे जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे सांध्याकडे कसलीही मर्दुमकी मागावी लागत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तुळया जोडलेल्या दिसतात त्या याच रीतीने. “वाड्यात तर जोड शंभर वर्षं टिकले” असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगावं की बाबा, त्या जोडाखाली काय उभं आहे ते आधी बघ.

चार इंची खांबावर दोन तुळया समोरासमोर टेकवल्या तर प्रत्येकीला दोन इंच टेक मिळते. हलक्या पर्गोल्याला ती पुरते, पण लाकूड आटलं, खांब थोडा कलला की तेवढ्यात सटकायची भीती राहते. मला याहून बरा वाटतो तो उभा अर्धा जोड. यात खाच उंचीत न पाडता जाडीत पाडायची. तीन इंच जाड, सहा इंच उंच तुळई असेल तर खांबाच्या रुंदीएवढ्या, म्हणजे चार इंच लांबीत तिची जाडी दीड इंच करायची, उंची पूर्ण सहा इंच ठेवायची. दुसरीची उलट बाजूने. दोन्ही टोकं एकमेकांच्या शेजारी, हातावर हात ठेवल्यासारखी नव्हे तर तळवे जुळवल्यासारखी, खांबावर बसतात. प्रत्येकीला खांबाची पूर्ण चार इंच टेक मिळते आणि कुणाचीच उंची कमी होत नाही.

हे करताना मिस्त्रीच्या खांद्यावरून थोडं वाकून बघायला हरकत नाही. गुण्याने, म्हणजे काटकोन मापायच्या साधनाने, रेघ तुळईच्या चारही बाजूंनी फिरवली पाहिजे, एकाच बाजूला नव्हे. करवत रेघेच्या टाकाऊ अंगाने चालली पाहिजे, रेघेवरून नाही. मग पटाशीने तळ साफ करायचा आणि दोन्ही तुकडे कोरडेच जुळवून बघायचे. फटीत पोस्टकार्डाची कड जाते इतपत सैल ठीक. नखच आत शिरत असेल तर पुन्हा तासायला सांगा. हातोड्याने ठोकून बसवावं लागत असेल तर तेही बरोबर नाही, कारण पावसाळ्यात ते फुगणार. त्यानंतर आरपार दोन बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर. वॉशर लहान असला की नट कसताना तो लाकडात रुततो आणि घट्ट झाल्याचा नुसता भास होतो. इथे सात पटीचं अंतर चार इंचात बसत नाही, अशी शंका चौकस वाचकाला येईल. खरं आहे, बसत नाही. पण हे बोल्ट भार पेलत नाहीत, भार खांबावर गेलाय, म्हणून चालतं.

या जोडाची एकच खोड आहे. त्याची फट वरून उघडी असते आणि पाणी थेट आत जातं. वर जस्ती पत्र्याची दोन्हीकडे थोडी दुमडलेली टोपी बसवली की काम झालं. जोड बंद करण्याआधी कापलेल्या तोंडांना बेलतेलाचे (उकळलेल्या जवसतेलाचे) दोन-तीन हात द्यायचे, शोषून घेणं थांबेपर्यंत.

जुन्या तुळईची शेपटी ठेवायची की कापायची?

बहुतेक पर्गोल्यांत तुळई शेवटच्या खांबाच्या पुढे फूट-दीड फूट निघालेली असते आणि तिचं टोक नक्षीदार कापलेलं असतं. वाढवताना पहिला प्रश्न या शेपटीचा.

कापून खांबाच्या मध्यावर आणणं हा सरळ मार्ग. पण दुसराही आहे आणि तो मोठ्या पुलांमध्ये वापरला गेलाय. हाइनरिश गर्बर या जर्मन अभियंत्याने १८६६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं: तुळई टेकूच्या पुढे थोडी बाहेर काढायची आणि पुढच्या गाळ्याची तुळई त्या बाहेर आलेल्या टोकावर टेकवायची. अखंड तुळईत टेकूपासून गाळ्याच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शावर वाकण्याचा ताण आपोआपच शून्याजवळ जातो, सांधा नेमका तिथे घ्यायचा. दहा फुटांच्या गाळ्याला ती जागा दोन ते अडीच फुटांवर येते.

कागदावर हे फार देखणं आहे. अंगणात मात्र मी शेपटी कापायच्याच बाजूचा आहे. ते टोक कित्येक पावसाळे उघड्यावर पाणी पीत राहिलेलं असतं. पेन्सिलीचं टोक दाबून बघा. चांगल्या सागवानावर नुसता ठिपका उठतो. कुजलेल्यात पेन्सिल दोन-चार मिलिमीटर आत जाते आणि बाहेर येते ती ओलसर भुसा घेऊन. अशा टोकावर नवा गाळा टांगणं म्हणजे आजारी माणसाच्या खांद्यावर पोतं देणं. कापा, आणि कापल्यावर आतला रंग बघा. गडद सोनेरी-तपकिरी गाभा निघाला तर पुढे चला. कडेचा पांढुरका भाग जास्त असेल तर सावध व्हा, कारण सागवानाचं टिकाऊपण गाभ्यात असतं. पांढऱ्या भागाला वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखीच खाते.

“पण मधे खांब नकोच आहे आम्हाला”

गाडी वळवायची असते, झाड असतं, नळाची चेंबर असते. जोड गाळ्यात घेणं कधी कधी भागच पडतं. मग लाकडाच्या खाचेवर विसंबू नका. दोन्ही तुळयांची टोकं सरळ कापून समोरासमोर आणा आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्टने आवळा. वाकण्याचा ताण मग पट्ट्या घेतात आणि लाकडाची उंची कुठेच कमी होत नाही. सहा इंची तुळई, दहा फुटांचा गाळा आणि वर फक्त वासे-वेल असेल तर ६ मिमी जाडीच्या, तुळईपेक्षा थोड्या कमी उंचीच्या, तीन फूट लांब पट्ट्या आणि प्रत्येक बाजूला १२ मिमीचे चार बोल्ट, हा समंजस अंदाज. लांबी महत्त्वाची. फूटभर पट्टी लावून बोल्ट सांध्याजवळ गर्दी करून मारले तर ते लाकूड फाडतात. बोल्ट जितके लांब पसरतील तितका प्रत्येकावरचा जोर कमी. आणि इथे मात्र सात पटीचा नियम मोडायचा नाही.

जोड मध्यावर न घेता एका खांबाकडे सरकवला तर आणखी बरं. वर पॉलिकार्बोनेट पत्रा येणार असेल किंवा गाळा बारा फुटांपुढे जात असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आकडे काढू द्या.

काळी माती सांध्यालाही सोडत नाही

ही गोष्ट पुण्या-मुंबईचं वाचून कळत नाही. नागपूर परिसरात कुठे मुरूम लागतो, कुठे काळी भारी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटून हाताचं बोट जाईल अशा भेगा टाकते. जुन्या खांबांचे पाये तिच्यात बसून बसून स्थिरावलेले असतात, नवे पाये पहिली दोन-तीन वर्षं वर-खाली होत राहतात. दोघांच्या हालचालीत अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी तो जाणार कुठे? सगळ्यात कडक सांध्यात. म्हणून जुन्या-नव्याच्या जोडावर वेल्ड केलेला दणकट पोलादी खोका बसवून सांधा अगदी दगडासारखा करायची हौस इथे अंगलट येते. सांधा हलत नाही, मग तुळई फाटते.

खांबावर टेकलेला, दोन बोल्टांनी धरलेला जोड थोडी मान हलवू देतो, तेवढी सूट त्याला असलीच पाहिजे. पाया मात्र काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर निदान भेगा पोचतात त्याच्या खाली. आणि खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. पायावर पोलादी बूट बसवून खांबाचं बूड फरशीपासून दोनेक इंच वर ठेवायचं. वाड्यांतल्या लाकडी खांबांखाली दगडी तळखडा असायचा, तो उगाच नव्हता.

एप्रिलचं लाकूड आणि ऑगस्टचं लाकूड

नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की कूलरची ताटी सुकायला वेळ लागत नाही. दोन महिन्यांत तीच हवा ओली चिंब. लाकूड या हवेबरोबर पाणी घेतं आणि सोडतं. सागवान या बाबतीत शहाणं. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वलयांच्या दिशेने साधारण पाच टक्के आटतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. लाकडातल्या ओलाव्यात दहा टक्क्यांचा फरक पडला तर सहा इंची तुळई उंचीत दीड ते तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. दहा फुटांच्या लांबीत एखादा मिलिमीटर.

तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पोलादी पट्टी आटत नाही. पट्टीला वर-खाली दोन बोल्ट घट्ट बसवले आणि मधलं लाकूड आटू लागलं, तर बोल्ट त्याला अडवतात आणि तुळई मधोमध चिरते. पट्टीतली भोकं उभ्या दिशेने थोडी लंबगोल ठेवली की हा प्रश्न मिटतो. फॅब्रिकेटरला आधी सांगा, नंतर नाही. साइटवर गॅस कटरने मोठं केलेलं भोक बघवत नाही.

नवी तुळई आरामशीनवरून आणून त्याच दिवशी चढवू नका. अंगणातच सावलीत, खाली पट्ट्या देऊन, हवा खेळेल अशी महिनाभर ठेवा. जुनी तुळई पूर्ण आटलेली असते. नवी ओली चढवली तर ती नंतर आटून खाली बसते आणि तिच्यावरचे वासे जुन्या वाशांच्या रेषेत राहत नाहीत. ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं; १२ ते १५ टक्के दाखवलं की काम सुरू करायचं. जोडकामाला चांगला काळ दिवाळीनंतरचा. मेमध्ये घट्ट बसवलेला सांधा जुलैत फुगून अडकतो, ऑगस्टमध्ये बसवलेला एप्रिलमध्ये फट दाखवतो.

भार नेहमी खालीच जातो असं कुणी सांगितलं?

आतापर्यंत आपण वजनाचंच बोललो. एका दहा फुटी गाळ्यातली तीन बाय सहा इंची सागवानी तुळई साधारण बावीस किलोची. आठ वासे धरले, दोन बाय चारचे, तर प्रत्येकी दहा किलोच्या आसपास, आणि ते वजन दोन तुळयांत वाटलं जातं. म्हणजे एका तुळईवर तिच्यासकट साठ-पासष्ट किलो. वेल भिजला की आणखी भर. हे काही भयंकर नाही.

भयंकर आहे तो वारा. इमारतींवरच्या वाऱ्याचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतो, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. हा अनेक वर्षांतून एखादा येणारा झोत; तरी पर्गोला उभा राहणार तोही अनेक वर्षंच. या वेगाचा सपाट पृष्ठभागावरचा दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे जातो. नुसत्या वाशांमधून वारा निघून जातो. पण त्यावर शेडनेट घट्ट ताणली किंवा पत्रा टाकला की तीन बाय तीन मीटरच्या गाळ्याचं शीड होतं आणि मेमधलं धुळीचं वादळ ते खालून वर उचलायला बघतं. जाळी सच्छिद्र म्हणून दाबाचा काही हिस्साच तिच्यावर येतो हे मान्य, पण आपल्या एका तुळईवर तिच्यासकट वजन साठ-पासष्ट किलोच आहे.

नुसती टेकवलेली तुळई इथे हरते. म्हणून तुळईवरून घेऊन खांबाच्या दोन्ही बाजूंना उतरणारी जस्ती पोलादाची पट्टी, खांबात आरपार बोल्ट मारून, प्रत्येक खांबावर हवी. आणि खांब बुटाला, बूट पायाला तसाच जखडलेला. जोडावरच्या खांबाला दोन पट्ट्या, प्रत्येक तुळईची वेगळी. आणखी एक सोपा उपाय आहे, पण तो कुणी पाळत नाही: शेडनेट बारीक दोरीने बांधा, तारेने नको. वादळात दोरी तुटून जाळी उडाली तर उडू द्या.

“खिळे मारले तर?”, “गम लावू?”, “सरळ लोखंडीच करू ना”

खिळा ओढण्याच्या दिशेने कमजोर असतो आणि लाकूड आटलं-फुगलं की थोडा थोडा बाहेर येतो. वासे बसवायला जाड स्क्रू चालतील, आधी बारीक भोक पाडून. तुळईच्या जोडाला आरपार बोल्टच. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्या, परवडत असेल तर स्टेनलेसचे. साध्या लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन मिळून जे काळे ओघळ येतात ते पॉलिशने जात नाहीत.

कपाटं करताना वापरतो तो साधा पांढरा गम बाहेरच्या कामाचा नाही. पाण्यात टिकणारे गम आहेत, पण जुन्या-नव्या तुळईचा जोड मला चिकटवून टाकायचाच नसतो. वाळवीसाठी बोरॅक्सचं पाणी मारायचा सल्लाही मिळतो. छताखाली ठीक, उघड्यावर पहिल्या दोन पावसांत ते धुऊन जातं.

लोखंडी चौकोनी पाइपचा पर्गोला हा चांगलाच पर्याय आहे. जोडाची कटकट वेल्डिंगवाला तासाभरात मिटवतो. पण अर्धा सागवानी पर्गोला उभा असताना उरलेला लोखंडी करायचा असेल तर दोघांना एकमेकांवर टेकवू नका. नव्याला स्वतःचे चारही खांब द्या, जुन्यापासून दोन इंच अंतर ठेवा आणि वरून वाशांची रेषा जुळवा. खालून बसलेल्या माणसाला फट दिसतही नाही. खरं तर लाकडी वाढीलाही हा मार्ग उत्तम आहे: सांधाच नको. दोन खांब जास्त लागतात, एवढंच.

आणि झोका टांगायचाय?

टांगणारच, माहीत आहे. तर हिशेब असा. पाट, साखळ्या आणि दोन मोठी माणसं मिळून दीडशे किलो धरू. झोका स्थिर असताना तुळईवर दीडशेच. तो ४५ अंशांपर्यंत उंच गेला तर खालून जाताना तुळईवरचा ओढा जवळपास १.६ पट होतो, ६० अंशांवर दुप्पट, म्हणजे तीनशे किलो, तेही दर फेरीत दोनदा. शिवाय ६० अंशांच्या झोक्यात आडवा धक्काही वजनाच्या पाऊणपटीपेक्षा जास्त असतो आणि तो तुळईला लोळवायला बघतो.

म्हणून गाळ्यात पट्टीने जोडलेल्या तुळईवर झोका कधीच नको. खांबापासून खांबापर्यंत अखंड असलेली नवी तुळई निवडा, आठ इंच उंचीची घ्या, कड्या स्क्रूच्या नकोत, तुळईतून आरपार जाऊन वर वॉशर-नट येणाऱ्या हव्यात. कडीचं भोक तुळईच्या जाडीच्या मध्यावर पाडायचं. झोका ज्या दिशेने जातो त्या दिशेने खांब आणि वाशांमध्ये तिरके टेकू द्या, खांबाच्या डोक्यापासून दोन-अडीच फूट खाली सुरू होणारे. आणि दिवाळीत चढवलेल्या सगळ्या बोल्टांचे नट पुढच्या मेमध्ये, लाकूड सगळ्यात आटलेलं असताना, पान्याने एकदा तपासून घ्या. पाव-अर्धा फेरा तरी नक्की मिळतो.